मुठीचं माहेर

“पातं कुठंही जावो, मूठ माहेर विसरत नाही,” असं शिमोन रोहेकर म्हणायचे. सिनेगॉगमध्ये म्हणायचे, हॅरोच्या बसस्टॉपवर म्हणायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी अर्थ सांगून मोकळे व्हायचे.

अर्थ होता मलायी खंजिरांचा. त्या खंजिराला क्रिस म्हणतात. पातं नागमोडी असो की सरळ, ते दर्यावरून कुठूनही येतं; मूठ मात्र ज्या गावच्या हातानं कोरली त्या गावचं वळण घेऊन जन्मते. सुमात्राकडची मूठ तापानं कुडकुडत बसलेल्या माणसासारखी. बुगिस खलाशांची, पाखराच्या वाकल्या मानेसारखी. आणि केलांतान नदीकाठची लांब चोचीची, जणू पाण्यावर टपलेला खंड्या.

त्या खंड्यापायीच शिमोननी बाकीचं सगळं शिकून घेतलं होतं. त्यांची बायको ज्युलिएट त्या नदीकाठी जन्मली. तिचे वडील मूळचे कोकणातले, तिथल्या रबराच्या मळ्यावर कंपाउंडर. लेकीच्या लग्नात त्यांनी तिला क्रिस दिला. ज्युलिएट लग्न करून मुंबईला आली, तिथून विलायतेत साउथहॅम्प्टनला. नदीवर परत जायचं दर उन्हाळ्यात ठरायचं, आणि दर उन्हाळ्यात ‘पुढच्या वर्षी’वर जायचं. पुढं ती आजारी पडली, आणि वर्षंच संपली.

शिमोन मग हॅरोला लेकीकडे, नाओमीकडे, राहायला आले. साउथहॅम्प्टनचं घर आवरताना नाओमीनं तो क्रिस जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. घरात लहान मुलं, हत्यार कशाला, एवढाच तिचा विचार. वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटतं. शनिवारचा शब्बाथ संपला की रविवारी ते वॉटफर्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला निघायचे, आणि ती मुकाट्यानं गाडी काढायची.

बाजारात त्यांचं नाव झालं. कुणाकडे क्रिस आला की तो त्यांच्यापुढे यायचा. चहाच्या टेबलावरची शशी त्यांना चिडवायची, “काका, समुद्रापारच्या सुऱ्या ओळखता, आणि मागच्या रविवारी केक चमच्यानं कापलात.” ते हसायचे आणि दुसरा कप मागायचे.

मार्चमध्ये एक मुलगी क्रिस घेऊन आली. नाव सुराया, केलांतानची, इथं हॉस्पिटलात नर्स. नोकरी सोडून कायमची घरी चालली होती. एका दुकानात तिला हा क्रिस दिसला, आपल्याकडचा वाटला म्हणून तिनं घेतला. आता लोक म्हणत होते, हा इकडचं तिकडचं जोडून केलेला. आपला असेल तर आजीच्या घरी नेईन, नसेल तर जाण्याआधी विकून टाकीन, असं तिनं सांगितलं.

शिमोननी तिकडच्या रीतीनं पातं उपसलं नाही, म्यानच हळूच मागे ओढलं. मग मूठ पिळून सोडवली. मूठ घट्ट बसावी म्हणून पात्यामागच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली असते. ती हिरवी होती, जांभळ्या काठाची. नाओमीनं ती ओळखली. आईनं लग्नात मेंदीला नेसलेली साडी. तिच्या उरलेल्या तुकड्यांची गोधडी नाओमीच्या कपाटात होती.

ती वाकून मराठीत कुजबुजली, “पप्पा, हा आपला आहे. जोडलेला आहे एवढंच म्हणा. ती विकेल. आपण घेऊ.”

आणि ते खोटंही नव्हतं. पातं बुगिसांचंच होतं, पहिल्यापासून. शिमोनचा अंगठा चोचीवरून फिरत राहिला, टोकापर्यंत गेला, परत आला. शशीनं ठेवलेला चहा निवला. नाओमीला वाटलं, आता म्हणतील.

“पातं परगावचं आहे,” ते सुरायाला म्हणाले. “म्हणून लोक फसतात. पण मूठ तुझ्या नदीकाठची. म्यानही. असे घरोबे तिकडे होतच आले.”

सुरायाचा चेहरा उजळला. चिंधी फार जुनी झाली आहे, बदलू का, असं तिनं विचारलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “तिलाही जायचंय.”

सुरायाला ते कळलं नाही. त्यांनी चिंधी पुन्हा नीट गुंडाळली, मूठ बसवली, आणि आजीच्या घरातून नदी दिसते का, एवढंच विचारलं. स्वयंपाकघरातून दिसते, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली.

नाओमीनं गाडीची किल्ली काढली. आज ट्रेननं येतो, असं म्हणून ते उठले. एरवी एकेका टेबलापाशी थांबणारा हा माणूस कुठंच न पाहता, हात पाठीमागे बांधून, हॉलबाहेर पडला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

सुराया क्रिस छातीशी धरून दारात आली. हे केलांतानला कधी राहिले होते, तिनं विचारलं.

“कधीच नाही,” नाओमी म्हणाली. ते वळणाआड जाईपर्यंत दोघी पाहत राहिल्या.