चौथ्या चाकाची टोपी

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायचं. प्रताप नगरातल्या आमच्याच अंगणात. जुनं मास्टर सिलेंडर गेलं होतं, पेडल दाबलं की पाय खाली खाली जायचा, म्हणून मी नवं बसवलं. गॅरेजातच जन्म गेला माझा, त्यात मोठेपणा नाही. पण हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागची बारकी निप्पल ढिली करून हवा सोडायची अन् पुन्हा कसायची. आत बसायला नेहमी तीच.

निप्पलवरच्या चार रबरी टोप्या ती पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. एकदा मी कसायला विसरलो होतो, ब्रेकचं सारं ऑइल फरशीवर. ती फरशी तिनं घासली. तेव्हापासून विचारल्याशिवाय टोपी हातात द्यायची नाही.

"पक्कं केलं का?"

"केलं नं वं."

"पान्यानं का बोटानं?"

"पान्यानं. दे आता. गॅरेज काय तुह्या बापाचं होतं?"

"माह्या बापाचं असतं तर तुमाले ठेवलंच नसतं."

चौथं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. तिथं ती म्हणाली, "मले गरगरून राहिलं." मी पाना फेकला अन् ऑटो आणायला धावलो. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवी झाली. तिच्या बहिणीची मुलगी कन्हानला राहते, कामठीच्या शाळेत शिकवते, दोन लेकरांना घेऊन रोज जाते-येते. गाडी तिला द्यायची असं बायको नेहमी म्हणायची. मी चाबी दिली. पोरगी गाडी घेऊन गेली. मी वळून पाहिलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, अंगण झाडताना टाकीमागे तो पाना सापडला. हातात घेतला अन् झाडू तिथंच टाकला. चौथ्या चाकाची निप्पल कसली होती का? आठवेना. तीन चाकं लख्ख आठवतात. चौथ्याला तिचा चेहरा दिसतो, माझे हात दिसत नाहीत. निप्पल जराशी ढिली राहिली तर लगेच कळत नाही. ऑइल झिरपत राहतं, अन् एक दिवस पेडल तळाला जातं. आत दोन लेकरं.

फोन लावला. उचलेना. पाना खिशात टाकला अन् बस धरली. रस्ताभर येणारी-जाणारी प्रत्येक पांढरी गाडी पाहत गेलो.

गाडी दारात उभी होती. पोरगी बाहेर आली.

"मावसाजी, फोन तरी करायचा."

"केला होता. चाबी आण."

"जेवले का तुमी?"

"आधी चाबी आण."

स्टिअरिंग पुरतं वळवलं अन् चाकाशेजारी आडवा झालो. निप्पल कोरडी होती. वर रबरी टोपी.

तसाच पडून राहिलो. टोपी आहे म्हणजे तिनं विचारलं होतं, मी सांगितलं होतं. त्याशिवाय तिनं गाठ सोडलीच नसती. तरी टोपी काढून पाना लावला. निप्पल तसूभर हलली नाही.

मग हेही कळलं, की गरगरत असताना तिनं आधी टोपी दिली, मग तोंड उघडलं. येडी बाई. दवाखान्यात मी रडलो नव्हतो. तिथं मातीत पडून रडून घेतलं.

"काय झालं मावसाजी?"

"काही नाही. ब्रेक चांगला आहे."

"मंग रडून काहून राहिले?"

"चांगला आहे म्हणून. वाढ आता, भूक लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी मला सोडायला निघाली. दुसरं कोणी गाडी चालवत असलं की माझा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत राहतो, बायको त्यावरून हसायची. मी पोरीच्या बाजूला बसलो, पाय लांब केले. कामठी यायच्या आतच झोप लागली. घर आल्यावर तिनं हलवून उठवलं.