लाल पेनाने तपासलेलं धर्मपुस्तक

ख्रिस्त्यांचं धर्मपुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते लाल पेन हातात धरून. श्रद्धा वगैरे काही नव्हती, चिडलो होतो. बल्लारपूरला राहणारी माझी विधवा धाकटी बहीण रविवारी बाप्तिस्मा घेणार होती. वडशाजवळच्या आमच्या गावी बापानं छप्पन साली बौद्ध होताना घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले, आणि हिने साठीला टेकल्यावर नवा देव घरात आणावा? तिच्याकडूनच पुस्तक मागून आणलं. त्यातल्या चुका काढायच्या, तिच्यापुढे ठेवायच्या आणि तिचा रविवार हाणून पाडायचा, एवढंच ठरवलं होतं.

येशूची गोष्ट सुरू होते ते पान काढलं तर काय, वंशावळ. मला हसू आवरेना. जातीच्या दाखल्यांना जोडलेल्या वंशावळी तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं करत करत यादी येशूच्या आईच्या नवऱ्यापर्यंत आणलेली, आणि मग म्हणे पोरगा त्याचा नव्हेच. मग जोडली कशाला? असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर चहा संपायच्या आत परत केला असता. त्यात मध्येच बायांची नावं घुसडलेली. त्यातली एक तर धंदेवाली, तशी खाली टीपच होती. देवाच्या घराण्याचा कागद, आणि त्यात ही अक्कल! प्रत्येक बाईच्या नावाखाली मी लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक'. पुढचं फारसं वाचलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि आम्ही तर धानाच्या मुलखातले.

शनिवारी तिच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून तिने चष्मा लावला आणि एकेक लाल रेघ पाहिली. रागावली नाही.

"भाऊ, पोराच्या दाखल्यासाठी आपल्या घरची वंशावळ तूच लिहली होती ना? त्यात मी कुठी आहो?"

"वंशावळीत पोरी लिहत नाई. तुले माहीत आहे."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "इथी लिहते. त्या धंदेवालीचं बी नाव लिहलं. म्हणून चालली मी."

तिने चहा ठेवला. मी न घेताच निघालो.

घरी येऊन फायलीतली त्या वंशावळीची प्रत काढली. बापाच्या नावाखाली दोन चौकटी, मी आणि धाकटा भाऊ. मी चंद्रपूरला कॉलेजात शिकावं म्हणून घरच्यांनी सातवीतून हिची शाळा सोडवली आणि हिला लोकांच्या धानाच्या बांधीत रोवण्याला, मजुरीवर धाडलं होतं. कागदावर मात्र ती जन्मलीच नव्हती. त्या पुस्तकाला मी आजही मानत नाही, पण या कागदाची मला शिसारी आली. खाली सही माझी होती. अक्षरही माझंच, सुरेख.