मुलाकडचा वेंकोबा

वेंकोबा गेला हे तुळसाने मला फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता ती हसली. तुळसा माझी धाकटी बहीण, लग्न झाल्यापासून पापनाशमला असते. "अण्णा, सकाळी सुनेवर रुसला म्हणे. सांबारात मीठ नाही म्हणून. दोन प्रहरी तिने समजूत काढली, मग पोटभर जेवला, निजला... उठलाच नाही." एवढं बोलून ती पुन्हा हसली आणि हसता हसता रडू लागली. मी पुण्यात मुलाच्या गॅलरीत उभा होतो, खाली भाजीवाला ओरडत होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ब्याऐंशी वर्षांत या माणसाने जेवढं रुसून घेतलं तेवढं दुसऱ्या कुणी घेतलं नसेल, आणि शेवटचं रुसणंही त्याने अर्धवट सोडलं नाही. समजूत काढून घेऊनच गेला.

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. शाळा एक, नदीवरचा घाट एक, परीक्षेतले गुणही साधारण एकच, कारण तो माझंच बघून लिहायचा. माझे वडील लवकर गेले. मी शाळेत संस्कृतचा मास्तर झालो, घरातला कर्ता पुरुष झालो आणि कर्त्या पुरुषासारखं तोंड करून वावरू लागलो. वेंकोबा कालव्यांच्या कचेरीत कारकून लागला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्हा दोघांत सायकल एक. ती त्याची, पण चालवायचो मी, कारण त्याच्या मते मास्तरला व्यायाम हवा आणि कारकुनाला विचार करायला सवड हवी. रविवारी आम्ही कालव्याच्या काठाकाठाने भातशेतांतून लांबवर जायचो. मागे बसून तो पाण्याचा कुठला दरवाजा किती उघडलाय यावर भाष्य करायचा. एकदा वळणावर माझा तोल गेला आणि आम्ही सायकलीसकट कालव्यात पडलो. पाण्यातून डोकं वर काढून वेंकोबा म्हणाला, "गोपू, ह्या कालव्यात आज पाणी सोडायचं नव्हतं. कोणी सोडलं ते उद्या कचेरीत बघतो." सायकल काढायला मग चार शेतकरी लागले.

मराठी तो झकास बोलायचा, पण देवनागरी त्याला कधी आली नाही. आम्हा तंजावरच्या मराठी मंडळींत बहुतेकांचं तसंच. मी शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, तो म्हणायचा, "मराठी माझ्या तोंडात आहे, हातात कसाला हवी?" पुढे मी पुण्याला आल्यावर त्याची पत्रं यायची ती मराठीत, पण तमिळ लिपीत. माझी नातवंडं ती उलटीसुलटी धरून बघायची आणि मी वाचून दाखवलं की त्यांना वाटायचं, आजोबा मनचंच सांगतात.

पण वेंकोबाला सगळं गाव ओळखायचं ते सीताकल्याणमुळे. रामनवमीनंतरच्या एका रविवारी आमच्या गल्लीत सीतेचं लग्न लागे. भजनी मंडळींनी लावायचं लग्न, पण अगदी खऱ्यासारखं. सकाळी गळ्यात तांब्याचं भांडं अडकवून भजन म्हणत दारोदार तांदूळ मागायचे, मग मांडवात मूर्ती बसवायच्या, गल्लीने दोन पक्ष करायचे. अर्धी गल्ली मुलीकडची, अर्धी मुलाकडची. मुलीकडच्यांनी पाहुणचार करायचा आणि मुलाकडच्यांनी नाकं मुरडायची, ही रीत. मी दरवर्षी मुलीचा बाप, म्हणजे जनक. वेंकोबा दरवर्षी मुलाकडचा मुख्य. त्याचं रुसणं बघायला आसपासच्या खेड्यांतून माणसं येत. पायघडी आखूड आहे, केळीचं पान फाटकं आहे, वाजंत्रीवाला माझ्याकडे बघून वाजवत नाही... त्याला कारण लागायचंच नाही. आमच्या लग्नांत नवरा मुलगा छत्री, काठी आणि ताडाचा पंखा घेऊन "मी संन्यासी होतो, काशीला जातो" म्हणून निघतो आणि मुलीच्या बापाने त्याला विनवून परत आणायचं असतं. एका वर्षी माझी विनवणी वेंकोबाला कमी पडली. त्याने रामाची मूर्ती उपरण्यात धरली, छत्री उघडली आणि थेट मोटार स्टँडवर जाऊन कुंभकोणमच्या बसमध्ये बसला. मी मागून धावत. बसमधली माणसं त्याच्या बाजूची झाली. एक म्हातारी मला म्हणाली, "अहो, मुलगी द्यायची आहे ना? मग नीट हात जोडा की!" ड्रायव्हरने तर इंजिनच बंद केलं. नवरदेव उतरल्याशिवाय बस हलणार नाही म्हणाला. भर बसमध्ये मी वेंकोबाच्या पाया पडलो तेव्हा कुठे रामाचं लग्न लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण आमच्या मैत्रीत एकदाच तडा गेला तो याच मांडवात. साठ सालाच्या आगेमागे तुळसाच्या लग्नाचं चाललं होतं. ती चोवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवत होती. दोन स्थळं येऊन गेली होती. आई देवापुढे बसून माझ्याकडे बघायची, त्यात सगळं यायचं. अशात पापनाशमचं स्थळ सांगून आलं. सुब्बाराव म्हणून भातशेतीवाले सद्गृहस्थ, मुलगा माधव रेल्वेत नोकरीला. फोटो आला, पत्रिका जुळली. मंडळी सोमवारी मुलगी बघायला यायची होती. पण सोमवारी सकाळी राहुकाळात घर सोडायला नको म्हणून सुब्बाराव सहकुटुंब आदल्या दिवशीच पॅसेंजरने येऊन उतरले. तसं कळवणारं त्यांचं कार्ड आम्हाला मंगळवारी मिळालं.

आणि तो रविवार नेमका सीताकल्याणचा. मी तांदळाच्या फेरीवर. गल्लीत मांडव, तोरण, वाजंत्री. सुब्बारावांना वाटलं, आपल्यासाठीच एवढा थाट! ते प्रसन्न होऊन मुलाकडच्या जमखान्यावर जाऊन बसले. बसले, घाम पुसला, आणि मोठ्याने म्हणाले, "इथे व्याह्यांना पंखा देत नाहीत का?" झालं. दरवर्षी खेड्यांतली चार हौशी मंडळी मुलाकडे येऊन बसायचीच. वेंकोबाला वाटलं (असं मला सांगण्यात आलं), हा त्यांतलाच कुणी, आणि आपल्या गादीवर बसतोय. तो पुढे झाला आणि म्हणाला, "रुसण्याची ही कोणती रीत, मामा? आवाज पोटातून यायला हवा. सरका तिकडे, मी दाखवतो." लोक हसले. सुब्बारावांचा चेहरा लाल. वेंकोबाला तेही सोंगच वाटलं, त्याने शाबासकी दिली. मग त्याची नजर माधववर गेली. "नवरा मुलगा तुम्हीच आणला का? बरं झालं, मूर्ती उचलायचे कष्ट वाचले." असं म्हणून त्याने माधवच्या हातात छत्री, काठी, पंखा दिला आणि पाठीवर थाप मारली, "निघा काशीला!" वाजंत्री सुरू झाली. माधव मुकाट्याने चालू लागला. भजनी मंडळ मागे. सुब्बाराव जमखान्यावरून उठून ओरडले, "माझ्या पोराला बैरागी करायला आणलं काय मी इथे?"

मी फेरीवरून परत आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला सुब्बारावांच्या मंडळींची पाठ दिसली. आई ओसरीवर बसून रडत होती. मी भर मांडवात वेंकोबाला नको ते बोललो. म्हणालो, तुझ्या विदूषकीपायी माझ्या बहिणीचं लग्न मोडलं, आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस.  त्याने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि घरी गेला. जन्मात पहिल्यांदा रुसायला खरं कारण होतं, तेव्हा मात्र तो रुसला नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

पुढचे तीन आठवडे समोरासमोरच्या दारांतून आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. सायकल त्याच्या भिंतीशी टेकून उभी, मी शाळेत पायी. मला कुठे माहीत होतं की हा दर रविवारी पापनाशमला जातोय? ते पुढे सुब्बारावांनीच रंगवून सांगितलं. पहिल्या रविवारी त्यांनी त्याला ओट्यावरूनच घालवलं. दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला, आणि माफी मागायची सोडून ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. पाणी नको, जेवण नको. सुब्बारावांच्या बायकोने दारातून विचारलं, तर म्हणाला, "मी रुसलो आहे. मामांनी मला घालवलं." गाडीची वेळ झाली तसा उठून गेला. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. उन्हाची वेळ, शेजारी जमलेले, आणि दारी आलेला ब्राह्मण उपाशी बसलेला! बायकोने सुब्बारावांना सुनावलं, की हा असाच बसला तर आज मीही जेवणार नाही. शेवटी सुब्बाराव बाहेर आले आणि म्हणाले, "उठा आता, पानं वाढलीत." वेंकोबाने मानही वळवली नाही. "असं नाही. पोटातून बोला." म्हातारा क्षणभर बघत राहिला... आणि मग जो हसत सुटला तो उपरणं डोळ्यांना लावूनच थांबला. चौथ्या रविवारी ती मंडळी रीतसर आमच्या घरी आली. वैशाखात लग्न झालं. पुढे सुब्बाराव होते तोवर दरवर्षी सीताकल्याणला मुलाकडचे मुख्य म्हणून तेच बसले, आणि वेंकोबा त्यांच्यावर छत्री धरून उभा राहायचा, कुठे रुसायचं ते कानात सांगत.

मी त्याला माफ केलं. मोठ्या मनाने केलं, आणि ते मोठं मन मी पुढची पन्नास वर्षं अधूनमधून त्याला दाखवत राहिलो. त्याच्या मुलाच्या मुंजीत, माझ्या निवृत्तीच्या समारंभात, पुण्याहून दरवर्षी गेलो की पहिल्याच संध्याकाळी. "चूक माणसाच्या हातून होते, वेंकोबा, पण मी मनात ठेवलं नाही हो," असं मी म्हणायचो. तो मान खाली घालून म्हणायचा, "तुझं मन थोर, गोपू." मला बरं वाटायचं.

तेराव्याला मी गेलो होतो. तंजावरचं सगळं आटोपून तुळसाकडे दोन दिवस राहिलो. सकाळची वेळ, ओट्यावर ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात फुलं बांधत बसली होती. आत तिचे यजमान माधवराव रेडिओ लावून होते. बोलता बोलता मी सवयीने म्हणालो, "तुझं लग्न त्याच्यापायी मोडायचंच राहिलं होतं. पण मी मनात ठेवलं नाही."

तुळसाने दोरा तोडला. म्हणाली, "अण्णा, आता तो नाही, तर सांगते. त्यास ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"ते कोण आहेत ते. मी खिडकीतून ह्यांना पाहिलं, फोटो पाहिला होता ना. परसातून धावत गेले वेंकोबाण्णाकडे. म्हटलं, ते आलेत. त्या घरात हसू आहे की नाही एवढं मला बघून सांग. नसलं तर मला ते घर नक्को." फुलांवरून तिचे हात फिरत होते. "आपल्या घरात, अण्णा, बाबा गेल्यावर कोणी हसत नव्हतं. आई नाही, तू तर नाहीच. मला हसायचं असलं की मी समोर त्याच्या घरी जायची. पुन्हा तसल्याच घरात जन्म काढायचा म्हटलं की भीती वाटायची. दुसऱ्या कोणास सांगितलं असतं तर म्हणाले असते, चोवीस वर्षांची झाली आणि अटी घालते."

मी खाली पडलेलं एक फूल उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"संध्याकाळी विहिरीपाशी येऊन म्हणाला, थोरला फुगला, त्याचं बघता येईल. पण पोरगा छत्री घेऊन वळणापर्यंत गेला, आणि तिथे कोणी बघत नाही असं बघून एकटाच पोट धरून हसला. मी म्हटलं, मग जा आणि आणून दे. आणला त्याने."

"आणि मला नाही सांगितलं? मी त्याला दारात येऊ नको म्हणालो, तेव्हाही नाही?"

"तो म्हणाला, गोपू मास्तर आहे, त्यास खोटं जमत नाही, सगळीकडे सांगत सुटेल आणि तुझी अब्रू जाईल." तिने नवा दोरा घेतला. "मामंजी गेल्यावर मी म्हटलं, आता तरी अण्णास सांगू. तर म्हणाला, नक्को, तुळसा. मला माफ करायला त्यास फार आवडतं. असू दे."

माझ्या डोळ्यांसमोर त्याची ती खाली घातलेली मान आली. पन्नास वर्षं तो हसू दाबत होता, आणि मला वाटत होतं लाजतोय! मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की मी तुळसाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. डोळे गळत होते आणि पोटातून हसू येत होतं, दोन्ही आवरेना. आतून रेडिओ बंद झाला. "काय झालं ग?" माधवरावांनी विचारलं.

"काही नाही," तुळसा म्हणाली. "अण्णा रुसलाय. या, समजूत काढा."