राबाचा फोटो मीच काढून टाकला होता

मंडळी, आज चौथीतल्या सुगंधाने मला सगळ्या वर्गासमोर उघडं पाडलं. बरं झालं.

शेणवे गावाजवळची आमची शाळा आणि जपानमधली एक शाळा मिळून 'आमचा भात' हा प्रकल्प करतोय. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची पोरं आपापली शेती दाखवतात.

पेरणीआधी शेण, पाला पसरून आपल्याकडे जमीन भाजतात, तो राब. कॉलसाठी वर्गात लावलेल्या फोटोंतून त्याचा फोटो मी गाळला होता. एवढा धूर बघून तिकडच्या बाई काय म्हणतील, याची मला लाज!

सकाळी कॉल लागला. मी घोटून घेतलेली इंग्रजी वाक्यं पोरांनी घडाघडा म्हटली. मग तिकडच्या मुलाने त्याच्या बाईंमार्फत विचारलं, "पेरणीआधी तुम्ही जमिनीला काय करता?"

मी प्रश्न मराठीत सांगितला; याचं वाक्य मी घोटून घेतलंच नव्हतं. ठाकूरवाडीची सुगंधा कधी तोंड उघडत नाही, ती उठली.

"बाई, राब भाजतो ना आमी! तुमी फोटूच नाय लावला."

मग सरळ कॅमेऱ्यासमोर गेली. शेण कसं पसरायचं, त्यावर पाला, वर माती, सगळं हातांनी दाखवलं. "भाजला नाय तर रोपापेक्षा गवतच जास्त येतं."

मी तिचं बोलणं इंग्रजीत सांगत गेले. तिकडे प्रश्न विचारायला एकामागून एक हात वर होत होते. वेळ संपली, प्रश्न संपले नाहीत.

आता ठरलं. पाठांतर बंद. पोरं त्यांच्या बोलीत बोलतील, भाषांतराची मेहनत मी करीन.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, खरं सांगा, तुम्ही कुठला फोटो गाळलाय?