इनकी तबीयत

आलमबागमधला तो म्हातारा कारागीर कॅमेऱ्यालाही अहो-जाहो करतो. "इनकी तबीयत कैसे बिगड़ी?" असं दरडावून विचारतो आणि शटर कानाशी धरून ऐकतो. नवा घ्या, असं तो कधीच कुणाला म्हणत नाही.

परवा बाबांचा कॅमेरा माझ्या हातून पडला. बाबांमागे तेवढाच उरला होता. म्हाताऱ्याने तो उघडायला घेतला, पण पेचकस स्क्रूवरून तीनदा घसरला. मग कॅमेरा फडक्यात गुंडाळून त्याने माझ्यापुढे ठेवला.

"नया ले लीजिए."

"इतने बिगड़ गए ये?"

"ये तो ठीक हो जाते, बिटिया. हमारे हाथ नहीं रहे."

हे काम करणारं शहरात दुसरं कुणी नाही. कॅमेरा कपाटात ठेवलाय. ते बरे होण्यासारखे आहेत, हेच सहन होत नाही.