गयाबाईची मुलाखत

"मॅडमना वस्तीत कोणी अडवत नाही. घरचाच मामला आहे त्यांचा!"

आमचे विभागप्रमुख दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांना माझी अशी ओळख करून देत होते. पाहुणे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या हसण्याची मला अजून चीड येते. तेव्हा तेरा वर्षं मी या सरकारी संस्थेत पत्रकारिता शिकवत होते. त्याआधी पेपरात बातमीदार होते. पीएच.डी. झालेली. पण सरांच्या लेखी माझी लायकी एवढीच, की वस्तीतली दारं मला उघडतात.

सर बिदरकडच्या मोठ्या जमीनदार घरातले. मराठी ठसक्यात बोलायचे, वाचताना मात्र अडखळायचे. शाळा सगळी इंग्रजीत झालेली. माझा बाप मराठवाड्यातून येऊन रेल्वेच्या कारखान्यात लागला. आम्ही तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. बौद्ध. माझं आडनाव कळल्यापासून सर माझ्याशी फार गोड बोलायचे. तेव्हापासून मला गोड बोलणाऱ्यांची धास्ती आहे.

राज्याच्या वाटणीचे दिवस होते, एकाची दोन राज्यं होत होती. संस्थेच्या खुर्च्यांवर, पंख्यांवरसुद्धा वाटणीचे आकडे पडत होते. नोकरीतलं कोण इकडच्या राज्यात, कोण तिकडच्या, याची यादी सरांच्या हातात. कारकून मला म्हणाला, "मॅडम, आप तो महाराष्ट्रवाले. आपकू कौन लेंगे?"

"पैदा यहींच हुई मैं," मी म्हटलं. तो मान हलवत निघून गेला.

त्याच आठवड्यात सरांनी बोलावलं. "तुमच्या वह्या माझ्या कपाटात ठेवा. या गोंधळात गहाळ झाल्या तर कुणाला धरणार?"

वह्या म्हणजे माझं चार वर्षांचं काम. झाडूवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांकडे मी पेपरची कात्रणं घेऊन जायचे. तुमच्याबद्दल हे छापून आलं, खरं काय घडलं होतं, असं विचारायचे. त्या बोलायच्या, मी मराठीत लिहून घ्यायचे. सरांसाठी प्रत्येक मुलाखतीचा इंग्रजी गोषवारा टाइप करून आत लावलेला होता. देऊ नकोस, असं मन ओरडून सांगत होतं. पण यादी आठवली. दिल्या.

वर्षभरात त्याचं इंग्रजी पुस्तक आलं. मुखपृष्ठावर सरांचं नाव. माझं नाव आभारात, टायपिस्टच्या खाली, 'क्षेत्रकामात मदत'. प्रकाशनाला मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. सर उतारा वाचू लागले. "गयाबाईच्या ओसरीवर मी दोन तास बसलो. तिनं स्वतः चहा करून दिला. पेपरात तिला चोर ठरवलं होतं, ते मला सांगताना ती रडली."

रडली नव्हती. माझ्या वहीत तर ती शिव्या देत होती.

आणि ती गयाबाईही नव्हती. वस्तीतल्या बाईचं खरं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी तिचं काम सुटतं. म्हणून बातमीदार नाव बदलतो. माझा गोंधळ होऊ नये म्हणून मी त्या बायकांना आमच्या घरातली नावं दिली होती. आई, मावशी, दोन्ही आत्या. पहिल्याच पानावर मराठीत तसं लिहूनही ठेवलं होतं. सरांनी इंग्रजी तेवढं वाचलं.

मी उभी राहिले.

"सर, गयाबाईंना कधी भेटलात?"

"मागच्या उन्हाळ्यात. का?"

"गयाबाई माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली."

कोणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "बैठिए मॅडम, बाद में बात करेंगे." मी बसले नाही. दुसऱ्या प्रकरणातल्या मावशीचं नाव सांगितलं. तिसऱ्यातल्या आत्याचं सांगितलं. मग माईक बंद झाला.

बाहेर पाचसहा सहकाऱ्यांनी माझे हात हातात घेतले. "अच्छा किये मॅडम!" सरांविरुद्धच्या तक्रारीवर सही मागितली तेव्हा एकालाही पेन सापडेना. तक्रारीची फाईल वाटणीत दुसऱ्या राज्यात गेली, असं इकडचे सांगतात. आलीच नाही, असं तिकडचे. पंख्याची नोंद सापडते, माझ्या तक्रारीची सापडत नाही. यादीत माझं नाव अजून लटकलेलं आहे.

वह्या मात्र मी दुसऱ्याच दिवशी आणल्या. शिपायासमोर, कारकुनासमोर, कपाट उघडेपर्यंत तिथून हलले नाही. किल्ली फिरवताना सर हळूच म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव टाकू. माझ्या नावाखाली. मिटवून टाका."

आईला लिहिता यायचं ते स्वतःचं नाव तेवढं. सुलतान बाजारात तांब्या घेतला, डबा घेतला, की दुकानदारासमोर बसून त्यावर नाव घालून घ्यायची. घाईत असली तरी तशीच बसायची. म्हणायची, बिननावाचं भांडं शेजारी गेलं की शेजाऱ्याचंच होतं. आम्ही तिला हसायचो. शिकलेल्या पोरीनं चार वर्षांचं काम बिननावाचं देऊन टाकलं.

"नक्को," मी सरांना म्हटलं. "पुस्तक मी लिहिणार. आधी मराठीत. तुम्हाला वाचून दाखवायला कुणीतरी लागेल."

लिहिते आहे. यादीतून नाव उडालं तरी लिहिणार. त्या बायकांकडे परत जाते, माझं चुकलं म्हणून सांगते, प्रत्येक पान त्यांना वाचून दाखवते. वर्गात पहिल्या दिवशी मी आता बातमी शिकवत नाही. वहीच्या पहिल्या पानावर शाईनं नाव घालायला लावते. मग सांगते, ही वही कुणाच्याही कपाटात ठेवायची नाही.

मागितली तर मलासुद्धा द्यायची नाही.