बिनशेंडीचा भ

मी जितेपणी एकदा मेलतो. तापानं नाही, ट्रकाखाली नाही. उकंडा झोटिंगनं मले ब्रशानं मारलं. सन एकोणसाठची गोष्ट. त्याच्यानंतरही मी सायकलीचे पंक्चर काढत राह्यलो अन् उकंडा मास्तर झाला. दोघांतून खरं कोण मेलं ते तुम्हीच ठरवा.

माहं नाव अब्दुल गनी. आमचं गाव पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद रोडवर. रोडले लागून माहं सायकलीचं दुकान. उकंडा किसनराव झोटिंगचा एकुलता पोरगा. त्याच्या आधीचे तीन लेकरं वाचले नाही, म्हणून याले नजर लागू नये असं नाव ठेवलं. उकिरड्याले कोण नजर लावते? नाव असं, अन् मिजास पाहाल तर जहागीरदाराची.

किसनरावचं वावर काळ्या मातीचं, कापूस-तुरीचं, कोणीही हेवा करावा असं. पण उकंड्याले त्या वावराचा इतका राग, की बैलबंडीत बसून वावरात चालला तरी तोंड गावाकडे करून बसे. कापसाची पऱ्हाटी पाहून मले मळमळते, असं सांगे. त्याले चित्रकार व्हायचं होतं. बुढ्या बापानं कुरकुर करत त्याले नागपूरले एका चित्रशाळेत टाकलं, अन् साऱ्या गावासमोर सांगतलं, "ड्रॉइंग मास्तरची परीक्षा पास झाला तर ठीक. नाही तर गुमान येऊन वखर धर."

परीक्षेत संकल्पचित्राचा एक पेपर राह्यते. एक चौकोन काढायचा, त्याच्यात फुलं, पानं, पक्षी बसवायचे, डाव्या अंगाले जे तेच उजव्या अंगाले, अन् जागा रिकामी सोडायची नाही. हलवाई परातीत पेढे रचते तसंच. आमच्या उकंड्यानं काय केलं? चौकोन काढला अन् तसाच कोरा ठेवला. एक पान काढलं, तेही चौकोनाच्या बाहेर, खाली पडलेलं. झाला नापास.

गावात आला तर छाती काढून. म्या विचारलं, "चौकोनात होतं तरी काय?"

"हवा," तो म्हणे.

"अरे, हवा तर मी रोज भरतो. मले तर कोणी चित्रकार म्हणत नाही."

"तुम्हाले नाही समजायचं, गनीभाई. मोकळी जागा बोलते."

हे खूळ त्याच्या डोक्यात नागपूरच्या एका छापखान्यात शिरलं. तिथी त्यानं एक परदेशी मासिक पाह्यलं. त्याच्यात म्हणे एकानं अक्षरं अर्धी कापली, दुसऱ्यानं उलटी टांगली, तिसऱ्यानं अख्खं पान कोरं सोडून कोपऱ्यात एकच शब्द ठेवला, अन् तिकडं लोकायनं त्यायले डोक्यावर घेतलं. नियम मोडला तोच मोठा झाला, असं उकंड्यानं मनात घट्ट धरलं. त्याले हे नाही दिसलं, की त्यायनं आधी नियम शिकून मंग मोडले. आमच्या शहाण्यानं शिकायची तसदीच नाही घेतली.

बुढ्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली. उकंड्यानं माह्या शेजारची खोली घेतली अन् पाट्या रंगवायले बसला. धंदा जमला तर वावरातून सुटला, नाही जमला तर बंडी तयार. हे त्याले माहीत होतं, मले माहीत होतं, चहावाल्याले माहीत होतं.

पहिलं गिऱ्हाईक हरिसिंग, ढाबेवाला. त्याची पाटी उकंड्यानं भिंतीच्या पार खाली लिहिली, गुडघ्याएवढ्यावर. काहून? तर म्हणे, "माणूस वर पाहून पाहून थकला आहे." दुसऱ्या दिवशी बकऱ्यायनं तिथी अंग घासलं अन् आठवड्यात ढाबा बेनाव झाला. हरिसिंग तसा शांत माणूस. त्यानं फक्त एवढंच विचारलं, की बकऱ्यायसाठी लिहिलं होतं का.

दुसरं गिऱ्हाईक मी. शेजारधर्म अंगाशी येते तो असा. म्या सांगतलं, "साधं लिही बाबा. अब्दुल गनी, येथे हवा भरा."

त्यानं मले पहिले अर्धा घंटा भाषण दिलं. मराठी अक्षरायच्या डोक्यावर जी आडवी रेघ राह्यते ती शिरोरेषा, ती म्हणजे निव्वळ ओझं. गाढवाच्या पाठीवरचं उतरवते तसं हे उतरवलं पाह्यजे. अन् भ च्या डाव्या अंगाले वर जी गोल शेंडी राह्यते, तो फालतू दागिना. तेही नको. तुम्ही म्हणाल, गनी, तू तेव्हाच काहून नाही बोलला? अरे भाऊ, मी चौथी पास. समोरचा नागपूर पाहून आलेला. माणूस अशा वेळी मान हालवते.

पाटी लागली. वर हे मोठं मोठं 'अब्दुल गनी'. खाली कोपऱ्यात, तिरपं, मुंगीएवढं 'येथे हवा'. अन् सगळ्यात खाली पुन्हा मोठं, लाल, 'भरा'. रेघ नाही, शेंडी नाही. आता भ ची शेंडी कापली अन् रेघ काढली तर काय राह्यते? म राह्यते. हे दुसरीतलं लेकरूही सांगन. अन् आमच्या रोडनं जाणारे अर्धे ट्रकवाले हिंदी वाचणारे. त्यायले लांबून काय दिसलं? अब्दुल गनी मरा, म्हणजे मेला. लाल रंगात.

चार रोजानं दुपारी मी दुकानात चेन बसवत होतो, तर घरून रडण्याचा आवाज आला. पळत गेलो. पाह्यतो तर माही सासू जैनबबी आदिलाबादहून आलती, अन् ती अन् माही बायको हलीमा गळ्यात गळा घालून धाय मोकलून रडून राह्यलत्या. सासू रडे माह्यासाठी. हलीमाले वाटलं आपले अब्बा गेले, ती रडे बापासाठी. एकमेकीले विचारायची फुरसत कोणाले होती? मीही दारात दुःखाचं तोंड केलं अन् हळूच म्हटलं, "कौन गया?"

सासूनं मले पाह्यलं अन् अशी किंचाळली, की शेजारच्या तीन घरायतले लोक बाहेर आले. माहा साळा रहमत आदिलाबादच्या ट्रक अड्ड्यावर काम करे. तो मागं उभा होता. तो म्हणे, "दुलाभाई, आप तो मर गए थे ना?" जसं मीच वायदा मोडला.

मंग उलगडा झाला. एका ट्रकवाल्यानं अड्ड्यावर बातमी पोचवलती, की पांढरकवड्याच्या अलीकडं सायकलवाला गेला, मोठा माणूस असन, दुकानावर पाटी लावून राह्यले. सासू लगेच ट्रकात बसून आली. तिच्या रडण्यातून मले समजलं, की मेल्यावर मी लय भला माणूस होतो. जिता निघाल्यावर तिनं डोळे पुसले अन् पहिला सवाल केला, "फिर इतनी दूर से हमको कायको दौड़ाया?"

मी तणतणत उकंड्याकडं गेलो. वाटलं, पाय धरन. त्याचे तर डोळे चमकून राह्यलते.

"गनीभाई, एका पाटीनं आदिलाबादवरून माणसं हालवली. या रोडवर दुसरी कोणती पाटी आहे अशी?"

म्या त्याले दोन शिव्या हासडल्या, त्या इथी लिहीत नाही. पण खरं सांगतो, घरी येऊन मले हसू आलं. बेशरम होता, पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर जो उजेड होता तो म्या पुन्हा कधी पाह्यला नाही.

गावाले तर वर्षभराचं खाद्य भेटलं. सकाळी सायकल घेऊन येणारा जो तो म्हणे, "गनीभाई, मराले आलो, पंप द्या." बाकीच्यायनं आपापल्या पाट्या दुसऱ्या पेंटरकडून धुऊन घेतल्या. म्या माही उतरवून मागच्या अंगणात कोंबड्यायच्या खुराड्याले दार म्हणून लावली, अक्षरं आतल्या अंगाले करून. दिवाळीच्या आत किसनराव बंडी घेऊन आले. रंगाचे डबे बंडीत ठेवले अन् मोठ्यानं म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माहे दोन्ही बैल जुंपेल आहे. चाल."

उकंडा बंडीत चढला. सवयीनं गावाकडं तोंड करून बसला, म्हणून बंडी वळणावर जाईपर्यंत त्याचं तोंड आम्हाले दिसत राह्यलं. सारे हसून राह्यलते. मीही हसलो.

दीड वर्ष त्यानं कापूस वेचला, डवरणी केली. हात सोलून निघाले. मधात महाराष्ट्र झाला, गावात नवे बोर्ड आले, ते त्यानं बंडीतून पाह्यले. मंग शाळा कमिटीचे अध्यक्ष बबनराव एक रोज वावरात गेले. शाळेले ड्रॉइंग मास्तर पाह्यजे होता. म्हणाले, "परीक्षा पास हो, नोकरी तुही. पण एक अट. शाळेत एकही अक्षर बिनरेघेचं दिसलं नाही पाह्यजे. लोकं अजून हसते."

उकंड्यानं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभ्या उभ्या हो म्हटलं. बबनरावच सांगत, की विचार करायले त्यानं एक श्वासही नाही घेतला.

पुढचे चार महिने त्यानं पोपट काढले. डावीकडं पोपट, उजवीकडं पोपट, मधात कमळ, कोपऱ्यायत पानं, तीळ ठेवायले जागा नाही. मले दाखवायले आणे. म्या म्हटलं, "उकंडा, मोकळी जागा बोलते ना रे?" तो म्हणे, "बोलते गनीभाई. पण नोकरी नाही देत." अन् पहिल्या नंबरात पास झाला.

तेव्हापासून तो झोटिंग सर. इस्त्रीची पँट, सायकल, हातात लाकडी फूटपट्टी. शाळेच्या भिंतीवरचे सारे सुविचार त्यानंच लिहिले. शिरोरेषा अशी जाड, की खालच्या अक्षराले श्वास घ्यायले जागा नसे. भ ची शेंडी इतकी गोल, की तिले तेल लावून विंचरावं. वहीत एका पोराची रेघ तुटली तर पट्टी हातावर बसे. लोक म्हणत, पोरगा सुधारला. मीही म्हटलं. त्याची चेष्टा करण्यासारखं काही राह्यलंच नाही, अन् माह्यासारख्या माणसाचं त्याच्यात मोठं नुकसान.

सन अडुसष्टात माही पोरगी रौशन आठवीत होती. मी मेलतो तेव्हा चार वर्षाची. ती शाळेतून आली अन् कागद माह्यासमोर फेकून आत गेली. दार लावून घेतलं. हलीमानं आवाज दिले, जेवायले आली नाही.

म्या कागद उचलला. संकल्पचित्राचा चौकोन होता. खालच्या कोपऱ्यात एक चिमणी, एवढीशी, तोंड वर करून. बाकी सगळं कोरं. मले चित्रातलं काही समजत नाही, पण त्या कोऱ्या जागेत लय मोठं आभाळ आहे हे मले, सायकलवाल्याले, दिसलं. अन् त्या आभाळाच्या बरोबर मधात लाल पेन्सिलीनं भोपळा दिलता. खाली लिहिलं होतं, 'जागा भरा'.

रेघ होती. जाड. शेंडीही होती, गोल, टप्पोरी. भ मध्ये कुठं काही कमी नव्हतं. अन् मले ते 'मरा' असंच वाचता आलं.

मी तसाच शाळेत गेलो. उकंडा वर्गात एकटा फळा पुसत होता. म्या कागद त्याच्यासमोर धरला. म्हटलं, "याच्यात काय आहे ते तुले तरी समजलं पाह्यजे होतं."

त्यानं कागद हातात नाही घेतला. लय वेळ चिमणीकडं पाह्यत राह्यला. मंग म्हणे, "समजलं गनीभाई. म्हणूनच शून्य दिलं. तिले परीक्षेत बसायचं आहे."

"अन् तुले?"

"मले वावर अजून दिसते," तो म्हणे, अन् पुन्हा फळा पुसायले लागला. फळा तर केव्हाचा पुसून झालता.

मले इतका राग आला, की घरी येऊन खुराड्याचं दार उपसलं. कोंबड्या साऱ्या अंगणात पळाल्या, हलीमा ओरडली, पण म्या पाटी घासून घासून धुतली. रंग चांगला होता, नऊ वर्षायत उडाला नव्हता. दुकानावर होती त्याच जागी ठोकली. अब्दुल गनी. मरा.

दुसऱ्या दिवशी उकंडा शाळेत चालला, तर त्याच्या सायकलीचं मागचं चाक पार बसलं होतं. म्या त्याच्यासाठी पंप बाहेर काढून ठेवला. तो दुकानासमोर आला, पाटीकडं एकदा वर पाह्यलं, अन् चाक तसंच घसटत, सायकल ढकलत निघून गेला. हवा भराले थांबला नाही.

संध्याकाळी रौशन दुकानात आली. डोळे अजून सुजलेले. पाटीखाली उभी राहून लय वेळ पाह्यत राह्यली, मान तिरपी करून.

"अब्बा, हे कोणी काढलं? भ चुकला आहे. पण लय चांगलं आहे."

म्या नाव सांगतलं.

"कायले गंमत करता," ती म्हणे, अन् घरात निघून गेली.